बजरीगर आणि कॉकटेलला पहिले खेळ शिकवताना

कॉकटेल म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट. आमच्या कॉकटेलचं नाव टिकली. गालावर नारिंगी ठिपका, म्हणून टिकली. ती घरी आली त्याच आठवड्यात मी तिला ‘शिकवायला’ घेतलं. म्हणजे पिंजऱ्यात हात घातला, कोपऱ्यात गाठून मुठीत धरलं आणि बोटावर बसवलं. ती बसली, हलली नाही. मला वाटलं, शिकली. दुसऱ्या दिवशी माझा हात पिंजऱ्याच्या दाराशी दिसताच ती गजांवर धडका द्यायला लागली. आदल्या दिवशी ती भीतीने गोठली होती, आणि त्यालाच मी शिकणं समजले होते. माझ्या हाताची ती धास्ती जायला पुढे दोन महिने लागले.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते: पक्ष्याला निघून जाता येईल अशाच ठिकाणी त्याला शिकवायचं. त्याला नको असेल तर त्याने उडून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसावं, आणि आपण ते मान्य करावं. एवढी मुभा दिली की पक्षी आपणहून परत येतो, आणि येताना शिकायच्या मनःस्थितीत येतो. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी याच नियमावर उभी आहे.

कुठला पक्षी

हा लेख बजरीगर आणि कॉकटेल या दोन छोट्या पोपटांसाठी आहे. कॉकटेलचं खरं नाव कॉकटिएल, पण दुकानात आणि घरात सगळे कॉकटेलच म्हणतात. बजरीगरला आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण तो पक्षी वेगळा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, जाडसर चोचीचा आणि आखूड शेपटीचा. बजरीगर आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियाचे, थव्याने राहणारे. थव्यातल्या पक्ष्याला शेजारचा काय करतो याकडे लक्ष ठेवायची उपजत सवय असते. घरात त्याचा थवा म्हणजे आपण, आणि शिकवण्यात हीच सवय कामी येते.

हिरवा, गळ्यात कंठ असलेला आपला पोपट मात्र पाळायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बाळगणं गुन्हा आहे. देवळाबाहेर पिंजऱ्यातून निघून चिठ्ठी उचलणारा ज्योतिषाचा पोपट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी कौतुकाने पाहिला आहे. त्याचे पंख छाटलेले असायचे आणि पोट रिकामं. चिठ्ठी उचलली की एक दाणा, की परत आत. तेही शिकवणंच, पण त्यात पक्ष्याला नको म्हणायची सोय नव्हती. झाडावरून पडलेलं पोपटाचं पिल्लू सापडलं तर घरी ठेवू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पक्षी लहान असेल तर शिकवणं सोपं जातं. बजरीगरच्या पिल्लाच्या कपाळावरच्या आडव्या रेघा थेट चोचीवरच्या फुगवट्यापर्यंत आलेल्या असतात. तीन-चार महिन्यांचा झाला, पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं. पण मोठा पक्षी शिकत नाही असं नाही, त्याला फक्त जास्त दिवस लागतात. जोडी असेल तर शिकवताना एकालाच बाहेर घ्या. दुसऱ्याला पिंजऱ्यातून बघू द्या, त्यातूनही तो बरंच उचलतो.

आधी खोली, मग पक्षी

सगळ्यात पहिलं काम छताच्या पंख्याचं. घरातले किती पक्षी चालू पंख्यात सापडून जातात! रेग्युलेटर शून्यावर ठेवून भागत नाही, बटण बंद करा आणि घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. खिडक्या लावा आणि पडदे ओढा, नाहीतर काच त्याला दिसत नाही आणि तो तिच्यावर आदळतो. आरसा झाका. स्वयंपाकघराचं दार बंद हवं. नॉनस्टिकचा तवा रिकामाच तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्या खोलीत नको. घरात मांजर असेल तर तिला बाहेर काढून कडी लावा.

त्याच्या अंगावरून त्याचं मन ओळखा

घाईत हाच भाग सुटतो, आणि माझ्या मते निम्मं शिकवणं इथेच आहे. खेळ पुढच्या महिन्यात शिकवा, पण पहिले आठ-दहा दिवस पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसून पक्ष्याकडे नुसतं पाहा. वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, भाजी निवडा. त्याला तुमच्या आवाजाची सवय होते आणि तुम्हाला त्याच्या अंगाची भाषा कळायला लागते.

कॉकटेलचा तुरा सगळं सांगतो. ताठ उभा तुरा म्हणजे तो दचकलाय किंवा कशाने तरी चकित झालाय. तुरा डोक्याला घट्ट चिकटलेला आणि सोबत सापासारखा फुस्स आवाज म्हणजे ‘मागे हो’. ते ऐकूनही हात पुढे नेलात तर तो चावेल, आणि तेव्हा चूक त्याची नसेल. तुरा अर्धवट, सैलसर मागे झुकलेला असेल तर गडी निवांत आहे. शिकवायची वेळ तीच.

बजरीगरला तुरा नाही, म्हणून त्याच्या अंगाकडे पाहायचं. पिसं अंगाला गच्च चिकटवून तो काडीसारखा बारीक आणि उंच झाला तर घाबरलाय. दोघांच्याही बाबतीत एक खूण पक्की आहे: तुमच्याकडे झुकला तर हो, मागे झुकला तर नाही. तुमच्या देखत पिसं झटकली, चोचीने साफ करायला घेतली, एक पाय पोटाशी घेतला, की समजा विश्वास बसायला लागला. संध्याकाळी पेंगताना चोचीची बारीक करकर ऐकू येते, ती समाधानाची.

मात्र दिवसाउजेडीही पिसं फुलवून, डोळे मिटून बसला असेल, पिंजऱ्याच्या तळाशी उतरला असेल किंवा बसल्या जागी शेपटी वरखाली हलत असेल, तर शिकवणं सोडा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात.

खाऊ कुठला आणि कधी

एका ताटलीत चार-पाच गोष्टी ठेवा: राळ्याचं कणीस, सोललेली सूर्यफुलाची बी, ओट्सचे दाणे, कोथिंबिरीची काडी, मक्याचा उकडलेला दाणा. तीन दिवस पाहा, कशाकडे तो आधी धावतो. ज्याच्यावर तुटून पडेल तो शिकवण्याचा खाऊ. त्या दिवसापासून तो खाऊ रोजच्या वाटीतून काढून टाका, फक्त शिकवतानाच द्या.

बजरीगर बहुधा राळ्यावर मरतो. दाणेवाल्याकडे ‘कांगणी’ म्हणून मिळते तीच, पण सुटी न घेता कणीस घ्या. कणीस हातात धरून त्याला दोन-तीन दाणे टिपू द्यायचे आणि बाजूला करायचं. सुटे दाणे चिमटीत धरून एकेक भरवण्यापेक्षा हे फार सोपं. कॉकटेलला सूर्यफूल आवडतं, पण त्यात तेल भरपूर, म्हणून एका बीचे दोन-तीन तुकडे करा. अख्खी बी सोलत बसला की तो काय करत होता तेच विसरतो. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा आणि खारवलेलं काहीही द्यायचं नाही.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. ‘भूक लागली की शिकतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. बजरीगरचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, त्याला दिवसा काही तासांची उपासमारही झेपत नाही. रात्रभर झोपून उठल्यावर त्याला आपसूकच भूक असते. सकाळी वाटी भरण्याआधी पाच मिनिटं शिकवा आणि लगेच वाटी भरा, तेवढी भूक पुरते. संध्याकाळी उजेड असताना आणखी पाच मिनिटं. याहून जास्त नको. आणि तो अजून मागत असतानाच थांबा, म्हणजे उद्या तो वाट पाहील.

पायरी पहिली: ‘टक्’ म्हणजे दाणा

पक्षी वळला, तुम्ही कणीस उचललं, पुढे केलं. तोवर दोन सेकंद गेले आणि मधल्या वेळात त्याने डोकंही खाजवलं. मग दाणा कशाबद्दल मिळाला? वळण्याबद्दल की खाजवण्याबद्दल? म्हणून त्याच क्षणाला ‘हे बरोबर’ असं सांगणारा एक आवाज लागतो. कुत्र्यांना शिकवताना क्लिकर, म्हणजे दाबलं की वाजणारी छोटी डबी, वापरतात, पण लहान पक्षी त्याच्या कडक आवाजाने दचकतो. बॉलपेनची टिकटिक चालते. मी जिभेने टाळूवर ‘टक्’ करते. हात मोकळे राहतात आणि आवाज कधी हरवत नाही.

पक्षी दांडीवर निवांत असताना ‘टक्’ करा आणि लगेच दाणा द्या. त्याने काहीही करायची गरज नाही. असं पंधरा-वीस वेळा, दोन-तीन दिवस. ‘टक्’ ऐकताच तो तुमच्या हाताकडे बघायला लागला की झालं. हा आवाज एरवी कधीही काढायचा नाही, आणि काढला की दाणा द्यायचाच, चुकून निघाला तरीही.

तुमची वेळ साधते का हे पक्ष्याशिवाय तपासा. घरातल्या मुलाला चेंडू टप्पे मारायला सांगा आणि चेंडू जमिनीला टेकला त्याच क्षणी ‘टक्’ करून बघा. पहिल्या दिवशी माझा प्रत्येक ‘टक्’ उशिरा पडत होता. पक्ष्यावर प्रयोग करण्याआधी हे कळलेलं बरं.

पायरी दुसरी: काडीला चोच

पुढचे सगळे खेळ या एका गोष्टीतून निघतात, म्हणून इथे रेंगाळलात तरी चालेल. आईस्क्रीमची लाकडी काडी धुऊन वाळवून घ्या. पक्ष्याने तिच्या टोकाला चोच लावायची, एवढंच शिकवायचं आहे.

सुरुवात गजांच्या बाहेरूनच करा. काडी त्याच्यापासून वीतभर लांब धरा. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी टक्, दाणा. मग पाहून मान पुढे केली तर टक्, दाणा. मग एक पाऊल सरकला तर. मग चोच लावली तर. एकदा चोच लागली की नुसत्या पाहण्याला दाणा नाही. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची अट, आणि सलग तीनदा फसलं की अट एक घर मागे. हा हिशेब शेवटपर्यंत सगळ्या खेळांना लागू आहे.

काडीला घाबरत असेल तर ती दोन दिवस पिंजऱ्याजवळ, खाऊच्या वाटीशेजारी नुसती ठेवा. काडी कुरतडत बसला तर तुमचा ‘टक्’ उशिरा होतोय; पहिल्या स्पर्शालाच आवाज करा आणि दाणा द्यायच्या आत काडी पाठीमागे घ्या.

चोच लावायला लागला की काडी डावीकडे, उजवीकडे, वरच्या दांडीजवळ, खालच्या दांडीजवळ न्या. तो मागोमाग चालत येतो. आता पिंजऱ्याचं दार उघडा आणि काडी दाराशी धरा. तो आपल्या पायांनी बाहेर आला, कुणी हात न लावता, तो क्षण मला अजून आठवतो. टिकली उंबऱ्यावर थांबली, तुरा वर झाला, मग हळूहळू खाली आला, आणि ती बाहेर आली.

पायरी तिसरी: बोटावर

दुकानात बहुतेकदा असं सांगतात की बोट पोटाला टेकवून ढकला, म्हणजे तो चढतो. तो चढतो खरा, पण तोल जाऊ नये म्हणून चढतो. त्याऐवजी तर्जनी आडवी, स्थिर, त्याच्या दांडीला लावून त्याच उंचीवर किंवा किंचित वर धरा, आणि काडी बोटाच्या पलीकडे. काडीपर्यंत पोचायला त्याला बोटावर पाय द्यावा लागतो. एक पाय टेकला, टक्, दाणा. दोन्ही पाय, टक्, दाणा. पहिले काही दिवस बोट हलवू नका. चढला की लगेच फिरायला नेलं तर पुढच्या वेळी तो दोनदा विचार करेल.

हाताचीच भीती असेल तर आधी लाकडी दांडीवर हेच शिकवा आणि रोज त्या दांडीवरची तुमची पकड थोडी पुढे सरकवा. एक दिवस दांडी कुठे संपली आणि बोट कुठे सुरू झालं हे त्याला कळतही नाही.

चोचीने बोट चाचपला तर दचकून हात मागे घेऊ नका. चोच हा त्याचा तिसरा पाय आहे, चढण्याआधी तो आधार पक्का आहे ना हे तपासतो. आपण हात ओढला की बोट भरवशाचं नाही एवढंच तो शिकतो.

पायरी चौथी: गिरकी

पहिला दिसण्यासारखा खेळ. सपाट टेबलावर किंवा दांडीवर घ्या. काडी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून शेपटीच्या दिशेने फिरवा. पाव वळला की टक्, दाणा. मग अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. पूर्ण गिरकी जमली की काडी हळूहळू आखूड धरा, शेवटी नुसतं बोट फिरवा. बजरीगर हे बहुधा आठवड्याभरात करतो. टिकलीला जास्त दिवस लागले, कारण ती अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघायची. पाऊण वळणाला मी फार दिवस दाणे दिले होते आणि तिला वाटलं खेळ तिथेच संपतो.

शब्द आता जोडायचा, आधी नाही. कृती भरवशाने व्हायला लागली की बोट फिरवण्याच्या क्षणभर आधी ‘फिर’ म्हणा. काही दिवसांनी नुसत्या शब्दावर तो वळतो. शब्द लहान आणि एकमेकांपासून वेगळे घ्या: ‘फिर’, ‘ये’, ‘टाक’. आणि घरात सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. आई ‘ये’ म्हणते, आजी ‘ये रे माझ्या राजा’ म्हणते आणि ताई शीळ घालते, अशाने तो गोंधळतो. आमच्या फ्रिजवर शब्दांची चिठ्ठी लावलेली आहे.

पायरी पाचवी: वाटीत टाकणे

हा माझा आवडता खेळ, कारण तो करताना पक्षी विचार करतोय हे डोळ्यांना दिसतं. कॉकटेलसाठी प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण, बजरीगरसाठी जाड कागदी स्ट्रॉचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. वाटी स्टीलची घ्या. आत पडल्यावर ‘टण्’ वाजतं आणि त्यालाही कळतं की काहीतरी झालं.

झाकण समोर ठेवलं की तो कुतूहलाने उचलतो. उचललं, टक्, दाणा. दाणा घ्यायला चोच उघडावी लागते, मग झाकण आपोआप पडतं. या पडण्याचाच फायदा घ्यायचा. पुढच्या दिवशी त्याच्या चोचीखाली वाटी धरा, म्हणजे झाकण पडेल ते वाटीतच. आता ‘टक्’ उचलण्याला नाही, ‘टण्’ला. असं दोन-तीन दिवस झालं की वाटी एक इंच बाजूला सरकवा. आता काही वेळा झाकण बाहेर पडेल. तेव्हा ‘टक्’ नाही, दाणा नाही, रागावणं नाही. झाकण उचलून परत त्याच्यासमोर ठेवा.

दाणा का आला नाही म्हणून तो झाकणाकडे बघतो, वाटीकडे बघतो, पुन्हा उचलतो, आणि कधीतरी मान वळवून ते वाटीवर नेतो. त्या वेळी एकदम चार-पाच दाणे द्या. मग वाटी दोन इंच, चार इंच, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. या खेळाला तीन आठवडे ते दीड महिना धरून चाला.

पायरी सहावी: हाकेला येणे

पक्षी दांडीवर, तुमचं बोट एका वितीवर, काडी बोटामागे. ‘ये’ म्हणा. उडी मारून आला, टक्, आणि दाणे नेहमीपेक्षा जास्त. अंतर रोज थोडं वाढवा: एक हात, दोन हात, अर्धी खोली. आला की दर वेळी पिंजऱ्यात ठेवू नका, नाहीतर ‘ये’ म्हणजे कैद असा अर्थ तो लावेल. पाच वेळा आला तर चार वेळा दाणा देऊन पुन्हा मोकळा सोडा.

घरात कितीही छान येत असला तरी गॅलरीत किंवा गच्चीवर मोकळा नेऊ नका. उघड्यावर कावळे आणि घारी असतात, आणि फटाक्याचा किंवा गाडीचा एक आवाज झाला की तो जिवाच्या भीतीने सरळ उडत सुटतो, आणि तेव्हा शिकवलेली हाक त्याच्या कानावर पडत नाही.

बोलायचं काय?

बोलणं हा वरच्यासारखा पायऱ्यांचा खेळ नाही, म्हणून थोडक्यात. बजरीगरचे नर बोलतात, माद्या क्वचितच. मोठ्या नराच्या चोचीवरचा फुगवटा बहुधा निळा असतो, मादीचा तपकिरी. सकाळी झाकलेला पिंजरा उघडताना एकच शब्द, त्याच सुरात, रोज म्हणा. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगरचा १,७२८ शब्दांचा गिनेस विक्रम आहे, पण तो अपवाद. कॉकटेलचे नर शब्दांपेक्षा शिट्टीत तरबेज असतात. दाराची बेल आणि कुकरची शिट्टी ते न शिकवता उचलतात.

अडलं तर

कालपर्यंत करत होता आणि आज बघतही नाही, तर आधी झडलेली पिसं दिसतात का पाहा. नवी पिसं येताना अंग ठणकतं, खाज सुटते आणि हात नकोसा होतो. दोन-तीन आठवडे नुसत्या गप्पा मारा. झोप पुरते का तेही बघा. त्याला दहा-बारा तासांचा अंधार आणि शांतता लागते, आणि टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असलेल्या हॉलमध्ये ती मिळत नाही.

चावला तर ओरडू नका, फुंकर मारू नका, चोचीवर टिचकी तर मुळीच नको. ओरडणं काही पक्ष्यांना मजेचं वाटतं, आणि टिचकीने हात पुन्हा शत्रू होतो. त्याला शांतपणे जवळच्या दांडीवर उतरवा, खाऊ बंद करा, मिनिटभर त्याच्याकडे पाठ फिरवा. मग चावण्याआधी त्याने कुठली खूण दाखवली होती ते आठवा. ती बहुतेक वेळा दाखवलेली असते.

काटा आणि प्रवासाचा पिंजरा

पाहुण्यांना दाखवायला हे दोन खेळ उपयोगाचे नाहीत, पण मी तुम्हाला वगळू देणार नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर एक छोटी दांडी ठेवा आणि काडी दाखवून त्याला त्यावर चढवा. पाच सेकंद थांबला की टक्, दाणा. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, वजन वहीत लिहा. नेहमीच्या वजनाच्या दहा टक्क्यांनी घट दिसली तर तो कितीही मजेत वाटत असला तरी डॉक्टरकडे न्या. ९० ग्रॅमच्या कॉकटेलमध्ये ही घट ९ ग्रॅमची असते, ती डोळ्यांना दिसत नाही.

प्रवासाचा छोटा पिंजरा टेबलावर दार उघडं ठेवून आठवडाभर नुसता राहू द्या. मग काडी दाराशी, मग आत, मग आत दाणा. मग क्षणभर दार लावून लगेच उघडा. मग दार लावून खोलीभर फिरवून आणा. टिकली दीड वर्षाची असताना तिच्या पायाचं नख मोडलं आणि रक्त थांबेना. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. माझा हात थरथरत होता. मी काडी दाराशी धरली, ‘आत’ म्हटलं, आणि ती लंगडत स्वतःहून आत जाऊन बसली.